कणगा, कोठी आणि पिंप : धान्य कुठवर भरावे

धान्याचे भांडे किती भरावे याचे उत्तर त्या भांड्यात हवा खेळते की नाही यावर ठरते. हवा खेळत असेल तर वर जागा सोडावी लागते, आणि भांडे हवाबंद असेल तर ते काठोकाठ भरावे लागते. पालघर जिल्ह्यातल्या अनेक घरांत बांबूचा कणगा, पत्र्याची कोठी आणि प्लास्टिकचे पिंप एकाच पडवीत शेजारी शेजारी उभे असते. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की धान्य बिघडते. हे बहुधा पावसाळ्याच्या मध्यावर, झाकण उघडल्यावर कळते, आणि तोवर करण्यासारखे फारसे उरलेले नसते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मुख्यतः भाताचा. पालघर, वाडा, विक्रमगड, डहाणू इथल्या खाचरांत भात, तर जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीवर नागली आणि वरई. वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळवे भात दसऱ्याच्या आगेमागे कापणीला येते आणि परतीच्या पावसात हमखास सापडते. गरवे दिवाळीच्या सुमारास किंवा त्यानंतर. म्हणजे एकाच घरात एकाच हंगामात दोन वेगळ्या ओलाव्याचे भात येते. पण साठवणीची खरी परीक्षा पुढे, जून ते सप्टेंबर या महिन्यांत असते. या काळात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा भाताचा दाणा सुमारे १३ टक्के पाणी धरून राहतो. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली आणि दाणा उघड्या हवेत असला तर तो १५-१६ टक्क्यांपर्यंत पाणी ओढून घेतो. नेमके याच वेळी वर्षभर खाऊन कणगा अर्धा रिकामा झालेला असतो, आणि उरलेल्या धान्यावर ओल्या हवेचा मोठा थर उभा असतो.

कणगा हे या भागातले सर्वांत जुने आणि सर्वांत समंजस भांडे. बांबूच्या कामट्यांची वीण, तिच्यावर आतून-बाहेरून शेणमातीचे सारवण. मातीत तूस मिसळला की वाळताना भेगा कमी पडतात. ही भिंत थोडे पाणी शोषते आणि हवा कोरडी झाली की सोडते, म्हणून किंचित ओलसर भात कणग्यात निभावून जाते. पत्र्याच्या कोठीत तेच भात निभावत नाही. कणगा गळ्याच्या खाली एक वीत रिकामा ठेवण्याची पद्धत आहे. यामागे दोन कारणे आहेत, आणि दुसरे पहिल्याहून महत्त्वाचे आहे.

पहिले कारण भाराचे. धान्य पाण्यासारखे वागत नाही. पाण्याच्या टाकीत जितके खोल जावे तितका दाब वाढत जातो. धान्यात मात्र दाणे भिंतीला घासून धरतात आणि भाराचा काही हिस्सा भिंतच उचलते. यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये याचे गणित मांडले, आणि आजही मोठमोठ्या कोठारांची रचना त्याच पायावर होते. बांबूच्या कणग्यापुरता याचा अर्थ असा की तळ सहसा फुटत नाही, पण भिंतीवर खालच्या दिशेने ओढ बसते. कणगा शिगोशिग भरला की त्याचे पोट सुटते, कामट्या सरकतात आणि सारवणाला बारीक भेगा जातात. भेग दिसायला क्षुल्लक असते, पण तेवढ्या वाटेने सोंडे आत शिरतात, आणि उंदरालाही कुरतडायला सुरुवात कुठून करायची ते सापडते.

दुसरे कारण वरच्या थराचे. भातावर पडणारा पतंग, ज्याची अळी दाण्याच्या आत राहून तो पोकळ करते, ढिगात खोलवर जाऊ शकत नाही. त्याचा उपद्रव मुख्यतः वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये असतो. त्यामुळे वरचा थर झाकला की मोठा भाग सुरक्षित होतो. धान्य सपाट करून त्यावर कोरडी राख किंवा तूस आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालायचा, मग पेंढा दाबून वरून शेणमातीने लिंपायचे. ही सगळी रचना बसवायला वीतभर जागा लागते. कणगा वरपर्यंत भरणारे घर हे झाकण पातळ करते किंवा नुसते गोणपाट टाकून मोकळे होते. मग वीतभर भाताच्या लोभात पतंगाला हवा असलेला थर उघडा पडतो.

जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची कोठी ही कणगा आणि हवाबंद पिंप यांच्या मधली अवघड वस्तू आहे. ती कणग्यासारखा श्वास घेत नाही आणि साध्या झाकणामुळे पुरती हवाबंदही नसते. १ मीटर व्यासाची आणि दीड मीटर उंचीची कोठी घेतली तर तिचे आकारमान सुमारे १.१८ घनमीटर होते. एका घनमीटरात भात साधारण ५५० ते ६०० किलो मावते, तेव्हा या कोठीत साडेसहा ते सात क्विंटलच्या घरात भात बसते. भाताचा ढीग ओतला की तो सुमारे ३६ अंशांच्या उतारावर स्थिरावतो. त्यामुळे मधोमध ओतत गेल्यास कडेला धान्य काठाला टेकेपर्यंत मध्यावर ३५ सेंटिमीटरहून उंच शीग उभी राहते, आणि त्या शिगेत आणखी पन्नासेक किलो भात असते. झाकण दाबून ही शीग आत बसवण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. शिगेच्या टोकाशी उबदार, दमट हवा सर्वांत आधी पोचते, आणि झाकणाखाली जमलेले थेंब तिथेच पडतात.

हे पाणी येते कुठून, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. वर सोडलेल्या जागेतल्या हवेत पाणी नगण्य असते. वरील कोठीत १५ सेंटिमीटर जागा सोडली तर तिथली हवा ३० अंश तापमानाला पुरती दमट झाली तरी जेमतेम साडेतीन ग्रॅम बाष्प धरेल. खरा साठा धान्यातच असतो. पावणेसात क्विंटल भात १५ टक्के ओलाव्याचे असेल तर त्यात शंभर लिटरहून जास्त पाणी आहे; १३ टक्क्यांवर आणले तर हा आकडा पंधरा-सोळा लिटरने उतरतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पत्रा गार पडतो आणि ढिगाचा मध्यभाग कोमट राहतो. मग मधली हवा वर सरकते, गार थराला भिडते आणि आपले पाणी तिथे टाकते. काही आठवड्यांत वर पापडीसारखा कडक थर बनतो, त्याखाली बुरशी येते. वर जागा सोडल्याने पाणी थांबत नाही. जागेचा उपयोग एवढाच की धान्य सपाट करता येते, त्यावर पाणी टिपणारे कोरडे गोणपाट पसरता येते आणि हात आत घालून पाहता येते. एवढ्यासाठी १५ सेंटिमीटर पुरे. त्यापायी सत्तरेक किलो भात दुसरीकडे ठेवावे लागते.

कोठी बिघडण्याची या भागात सर्वांत जास्त ऐकायला मिळणारी कहाणी मात्र जागा सोडण्याची नसून ती भरून काढण्याची आहे. हळवे भात आधी येते, कोठीत पडते आणि काही दिवसांत खाली बसते. वर चार बोटे जागा होते. मग गरव्याची झोडणी झाली की खळ्यावरचे उरलेसुरले पोतेभर भात त्या जागेत ओतले जाते. ते नीट वाळलेले आहे की नाही हे कोणी पाहत नाही, कारण पोतेभरासाठी पुन्हा उन्हाचा खटाटोप कशाला, असा विचार होतो. हे ओलसर पोते वर बसते, आणि खालून येणारी दमट हवाही तिथेच थांबते. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर कोठी उघडली की कुबट वास येतो, वरचे भात हाताला चिकटते, आणि भरडून काढलेला तांदूळ पिवळट निघतो. नुकसान त्या पोत्यापुरते राहत नाही. वरच्या थरात तापलेला ढीग खाली फूटभर तरी आपल्याबरोबर नेतो. एकदा बंद केलेल्या कोठीत वरून भर घालू नये, उरलेले भात पोत्यात राहू द्यावे आणि तेच आधी खाऊन संपवावे, हे शहाणपण बहुतेक घरांना अशा एका पावसाळ्यानंतरच आलेले असते.

इथे ओलाव्याच्या मापाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. सरकारी खरेदीत भाताचा ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर यंत्र लावून भात घेतले गेले की शेतकरी घरी उरलेलेही वाळलेलेच समजतो. पण १७ टक्के ही विक्रीची मर्यादा आहे. वर्षभर साठवायचे तर १३ टक्क्यांच्या आत यायला हवे. १७ टक्क्यांचे एक क्विंटल भात १३ टक्क्यांपर्यंत वाळवले तर ९५ किलोहून थोडे जास्त भरते; वजनातली ही घट अनेकांना बोचते, पण ते पाणीच असते. यंत्र हाताशी नसेल तर कोरड्या बाटलीत मूठभर भात आणि चमचाभर कोरडे मीठ घालून जोरात हलवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे असे समजून भात पुन्हा उन्हात घालावे. दाताखाली दाणा कट्कन तुटतो की दबतो, ही पारखही जुन्या माणसांच्या दाताला जमते; नव्यांनी मिठावर विसंबावे. उन्हातून काढलेले गरम भात लगेच कोठीत ओतू नये, रात्रभर निवू द्यावे.

हवाबंद भांड्याचे शास्त्र कणगा-कोठीच्या उलट चालते. तिथे किडीला मारायचे काम हवा संपण्यावर सोपवलेले असते. दाणे आणि किडे मिळून आतला प्राणवायू वापरतात. नेहमीच्या हवेतले २१ टक्के प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली गेले की किडीची वाढ थांबते. भाताच्या ढिगात जवळपास निम्मी जागा दाण्यांमधल्या पोकळीची असते. म्हणून १,००० लिटरचे भांडे पूर्ण भरले तरी त्यात सुमारे ५०० लिटर हवा असते. तेच भांडे अर्धे भरले तर पोकळीतली २५० आणि वरची ५०० अशी ७५० लिटर हवा निम्म्या धान्याच्या वाट्याला येते. दर किलोमागे तिप्पट प्राणवायू मिळाल्यावर किडीला मरायला घाई नसते. त्यामुळे हवाबंद पिंप किंवा पिशवी भरताना ठोकून, हलवून, धान्य बसवून, काठोकाठ भरावी आणि वारंवार उघडू नये. २०० लिटरच्या पिंपात ११५ किलोच्या आसपास भात मावते. एवढे धान्य नसेल तर पिंप लहान घ्यावे. बियाण्यासाठी ही पद्धत चांगली, पण दाणा खणखणीत वाळलेला हवा. ओले बियाणे हवाबंद केले की त्याची उगवणशक्ती जाते.

बोईसर-तारापूर पट्ट्यात याला आणखी एक पदर आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीत काम करणारी अनेक कुटुंबे गावाहून वर्षाचा तांदूळ आणतात आणि चाळीत किंवा सदनिकेत पिंपात भरतात. कारखान्यांतून बाहेर पडलेली निळी प्लास्टिकची पिंपे अशा पट्ट्यात स्वस्तात मिळतात, झाकणाला कडे असते, आणि हवाबंदपणात ती खरोखर उत्तम असतात. अडचण आधी त्यांत काय होते याची आहे. रंग, विद्रावक किंवा कीटकनाशकाचा अंश प्लास्टिकमध्ये मुरतो. साबणाने, चुन्याने, उन्हाने तो निघत नाही. आधी काय भरले होते हे ठाऊक नसलेले पिंप धान्याला वापरू नये, मग ते कितीही स्वच्छ दिसो. खाद्यपदार्थांचे पिंप असेल तरच घ्यावे. भरडून काढलेल्या तांदळाला तुसाचे कवच नसते, त्यामुळे तो भातापेक्षा लवकर किडतो. रोजच्या वापराचा तांदूळ लहान डब्यात काढून मोठे पिंप पंधरवड्यातून एकदाच उघडणे सोयीचे.

चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावर खारा वारा पत्रा खातो. कोठीचा गंज आधी तळाच्या सांध्यात धरतो, जिथे कोणी पाहत नाही. म्हणून कोठी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी आणि पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकवू नये. सात क्विंटलचा भार माळ्यावर चढवणे तर धोक्याचेच.

कीड दिसल्यावर धुरीच्या गोळ्या आणून कोठीत टाकण्याची प्रथा कुठेकुठे आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून निघणारा वायू माणसालाही तितकाच मारक आहे, आणि घरात माणसे झोपत असतील तिथे ती गोळी वापरायचीच नाही. प्रशिक्षित माणसाकडूनच हे काम करून घ्यावे, नाहीतर धान्य उन्हात घालून चाळून घ्यावे.

धान्यात कोपरापर्यंत हात घालून पाहणे ही सर्वांत सोपी तपासणी. खोलवर लोखंडी सळई खुपसून काही मिनिटांनी काढावी. ती कोमट लागली तर आत ढीग तापतो आहे, आणि त्याच दिवशी धान्य बाहेर काढायला हवे. हे करता यावे म्हणून दहा क्विंटलच्या एका कोठीपेक्षा पाच क्विंटलच्या दोन कोठ्या बऱ्या. एक संपेपर्यंत दुसरी बंद राहते, आणि पावसाळ्यात अर्धी रिकामी कोठी सांभाळायची वेळ येत नाही. नवे भात भरण्याआधी तळाचे जुने दाणे झाडून काढावेत, कोठी दोन दिवस उन्हात तापवावी. तळाच्या मूठभर दाण्यांतले सोंडेच नव्या साठ्याची सुरुवात करतात.

जव्हार-मोखाड्याच्या नागलीला यातले बरेच नियम सैल लागतात. तिचा दाणा इतका बारीक आणि कठीण असतो की सोंड्याला त्यात घर करता येत नाही, आणि नीट वाळवलेली नागली वर्षानुवर्षे टिकते. मात्र ती भातापेक्षा ठोकळमानाने तिसऱ्या हिश्श्याने जड भरते. भाताच्या मापाने विणलेला कणगा नागलीने भरायचा असेल तर तो पाऊणच भरावा.