वर्गात चालतं, यूट्यूबवर का नाही?

प्रश्न : आमच्या सातवीच्या मुलांनी तुकोबांच्या एका अभंगावर छोटा व्हिडिओ केला. मागे नामवंत गायकाचं ध्वनिमुद्रण लावलं, गूगलवरची चित्रं जोडली. वर्गात दाखवला, पालकसभेत दाखवला, सगळं सुरळीत. शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर टाकताच कॉपीराइटचा दावा आला. गाणं जेमतेम 30 सेकंदांचं होतं आणि खाली ‘सौजन्य : गूगल’ असंही लिहिलं होतं. मग चुकलं कुठे?
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : बाई, वर्गात तुमचं काहीच चुकलं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 शिक्षकांच्या बाजूचं आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची नक्कल केली, तर तो हक्कभंग ठरत नाही. शाळेच्या उपक्रमात चित्रपट किंवा ध्वनिमुद्रणही लावता येतं. प्रेक्षक मात्र विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं इतकेच हवेत. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानाच्या गाजलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये ‘शिकवण्याच्या ओघात’ याचा अर्थ तासापुरता न ठेवता चांगला ऐसपैस लावला.

यूट्यूबवर मात्र प्रेक्षक म्हणजे सगळं जग. तिथे ही सवलत गृहीत धरू नका. शिवाय तिथली यंत्रणा चढवलेला आवाज नोंदणीकृत ध्वनिमुद्रणांशी आपोआप ताडून पाहते. व्हिडिओ शाळेचा की कंपनीचा, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. अर्थात दावा आला म्हणून घाबरू नका. बहुतेकदा आवाज बंद होतो किंवा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. ‘स्ट्राइक’ हे प्रकरण वेगळं आणि गंभीर. 90 दिवसांत असे तीन आले तर चॅनेल बंद होऊ शकतं.

आता तुमचे दोन बचाव. 30 सेकंद, 10 सेकंद असा कुठलाही आकडा आपल्या कायद्यात नाही. आणि श्रेय देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. गूगल चित्र शोधून देतं. चित्र असतं ते काढणाऱ्याचं.

प्रश्न : पण तुकोबांचे अभंग तर सर्वांचे ना?

उत्तर : शब्द सर्वांचे, यात शंका नाही. पण गाण्यात हक्कांचे थर असतात. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कवी-संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, तर ध्वनिमुद्रणावरचा प्रकाशनानंतर 60 वर्षं. म्हणून अभंग सतराव्या शतकातला असला, तरी चाल आणि मुद्रण बंधनात असू शकतं.

‘श्यामची आई’चंच पाहा. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून पुस्तक 2011 पासून खुलं झालं. आचार्य अत्र्यांचा चित्रपट 1953 चा. चित्रपट म्हणून त्याची मुदत 2013 अखेर संपली. पण अत्रे 1969 मध्ये गेले, त्यामुळे त्यांनी स्वतः लिहिलेल्या मजकुरावरचा हक्क 2029 अखेरपर्यंत आहे. तेव्हा वर्गात चित्रपट खुशाल दाखवा. त्यातले प्रसंग कापून यूट्यूबवर मात्र टाकू नका.

प्रश्न : मग व्हिडिओ करायचा तरी कशाचा?

उत्तर : आधी आवाज. गावात भजनी मंडळ असेलच. पखवाज वाजवणाऱ्या काकांना शाळेत बोलवा आणि पारंपरिक वारकरी चालीवर मुलांनाच गाऊ द्या. पंखा बंद करा, खिडक्या लावून घ्या, मोबाइल गाणाऱ्यांपासून हातभर अंतरावर ठेवा. चित्रंही मुलांनी काढलेली घ्या. मुलांचे चेहरे दिसणार असतील तर पालकांची लेखी संमती घ्या.

बाहेरचं साहित्य लागलंच तर विकिमीडिया कॉमन्सवर शोधा. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले, त्यांची चित्रं तिथे मोकळेपणाने मिळतात. ग्रह-ताऱ्यांसाठी नासाची बहुतेक छायाचित्रं वापरता येतात, बोधचिन्ह मात्र नाही. पार्श्वसंगीतासाठी यूट्यूबचीच ऑडिओ लायब्ररी आहे.

क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना दिसला की त्यातली अक्षरं वाचा. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे तुमची नवी कृतीही त्याच अटीवर खुली ठेवा. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नको; चॅनेलवर जाहिराती चालू असतील तर हे टाळलेलंच बरं. ‘एनडी’ असेल तर काटछाट करून वापरता येत नाही, म्हणजे व्हिडिओच्या कामाला ते फारसं उपयोगी नाही.

श्रेय देताना चित्रकाराचं नाव, कृतीचं शीर्षक, ती मिळाल्याचं ठिकाण आणि परवाना, या चार गोष्टी शेवटच्या पाटीवर लिहा. ही पाटी मुलांकडूनच करून घ्या. दुसऱ्याची वस्तू विचारून घ्यावी, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.

तुमचा आधीचा व्हिडिओ वर्गासाठी जपून ठेवा. यूट्यूबसाठी मुलांच्या आवाजातला नवा करा. त्यावर दावा आलाच, तर हरकत नोंदवायला तुमच्याकडे ठोस उत्तर असेल : आवाज आमचा, चित्रं आमची, शब्द तुकोबांचे.