पिकअपचा डिझेल फिल्टर : वेळेवर बदला, घाटातला खोळंबा टाळा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शेतमाल बाजारात नेण्याचे काम आज मोठ्या प्रमाणावर डिझेल पिकअप करते. नारायणगावचा टोमॅटो, ओतूर व आळेफाट्याचा कांदा, सातगाव पठारावरचा बटाटा, मंचरची तरकारी हा सगळा माल वेळेचा आहे. जुलै २०२३ मध्ये नारायणगावला २० किलोच्या टोमॅटो क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्या वर गेला होता. त्या भावाने ७० क्रेटची एक खेप म्हणजे १ लाख ४० हजार रुपये. अशा दिवशी गाडी वाटेत बंद पडली आणि लिलाव चुकला, तर नुकसान किती होते ते वेगळे सांगायला नको.

भरलेली गाडी ओढत नाही अशी तक्रार आली की पुष्कळदा थेट पंप आणि नोझल खोलण्याची भाषा सुरू होते. ते काम हजारो रुपयांचे. उलट दोष अनेकदा काही शेकड्यांच्या फिल्टरमध्ये, एखाद्या चिरलेल्या नळीत किंवा टाकीच्या झाकणात असतो. म्हणून तपासणी नेहमी टाकीपासून सुरू करावी आणि पंपाकडे शेवटी जावे.

डिझेलचा प्रवास

टाकीतील डिझेल जाळीतून नळीत येते, तेथून फिल्टरमध्ये जाते. फिल्टरच्या तळाशी पाणी साचण्यासाठी भांडे असते. पुढे उच्च दाबाचा पंप आणि मग इंजेक्टर, म्हणजे नोझल. उरलेले डिझेल रिटर्न पाईपने टाकीत परत जाते.

जुन्या गाड्यांत नोझल साधारण २०० ते २५० बार दाबावर उघडत असे. आताच्या कॉमन रेल इंजिनांत हा दाब हजार बारच्या वर, बऱ्याच गाड्यांत दीड हजारांच्याही पुढे जातो. एवढ्या दाबासाठी पंप व इंजेक्टरचे भाग अतिशय बारीक मापाने बसवलेले असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. चांगला फिल्टर ५ मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवतो. जुनी गाडी जो कचरा पचवत होती, तो नव्या गाडीला सोसत नाही. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, तेव्हापासून ही काळजी जास्तच घ्यावी लागते.

पंपाला वंगण डिझेलचेच मिळते. डिझेलबरोबर पाणी गेले की वंगण तुटते, गंज धरतो आणि पंप झिजतो.

फिल्टर तुंबल्याची लक्षणे

गाडी जागेवर चालू असताना इंजिनला डिझेल थोडेच लागते. अर्धा तुंबलेला फिल्टरही तेवढे पुरवतो, म्हणून अंगणात गाडी ठणठणीत वाटते. भार घेऊन चढ लागला की डिझेलची गरज कित्येक पटींनी वाढते आणि तेथे फिल्टर कमी पडतो.

आपल्या भागातील उदाहरण घ्या. ओतूर-मढमार्गे माळशेज घाट उतरून कल्याण-वाशीकडे जाताना गाडी भरलेली असली तरी उतार असतो, इंजिनवर ताण येत नाही. परतताना खत, पेंड किंवा इतर माल घेऊन तोच घाट चढताना गाडी दम टाकते. म्हणजे दोष जाताना असतोच, तो दिसतो येताना. पावसाळ्यात धुके आणि दरडींची भीती असलेल्या त्या रस्त्यावर गाडी थांबणे धोक्याचे आहे. उतारावर इंजिन बंद पडले तर दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक कडक होतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होते, हेही ध्यानात ठेवावे.

पुढील लक्षणांवरून दोषाची जागा ओळखता येते :

१) चढावर ताकद कमी, सपाटीवर ठीक : फिल्टर किंवा टाकीतील जाळी तुंबलेली.

२) सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, किंवा गाडी चालू होऊन लगेच बंद पडते : नळीतून हवा शिरते, म्हणजे गाडी एअर घेते.

३) काही किलोमीटर चालून बंद पडते, थोडे थांबल्यावर पुन्हा चालू होते : टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असावे. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला तर दोष तेथेच आहे.

४) पाण्याचा दिवा लागतो, इंजिन अडखळते : फिल्टरच्या भांड्यात पाणी साचले.

पाणी काढण्याची रीत

पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने रात्रभर उभ्या गाडीत ते तळाशी बसते. म्हणून पाणी सकाळी, गाडी चालू करण्यापूर्वी काढावे. फिल्टरखाली काचेची बाटली धरावी, तळाचा स्क्रू हाताने सैल करावा आणि स्वच्छ डिझेल येऊ लागले की बंद करावा. बाटली दहा मिनिटे स्थिर ठेवली की तळाशी पाण्याचा थर स्पष्ट दिसतो. पावसाळ्यात हे काम आठवड्याला एकदा करावे. पुन्हा पुन्हा पाणी निघत असेल तर नुसते काढत बसू नये. झाकणाचे रबर, डिझेलचा कॅन आणि डिझेल भरण्याचे ठिकाण तपासावे. निघालेले पाणी व डिझेल विहिरीजवळ, पाटात किंवा शेतात ओतू नये.

फिल्टर बदलताना

गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला फिल्टर बदलावा. शेतरस्त्यांची धूळ आणि कॅनचे डिझेल ज्यांच्या वाट्याला येते त्यांनी त्याहून लवकर बदलावा. पुस्तिकेत २० हजार लिहिले असेल तर १५ हजारांवर बदलणे शहाणपणाचे. कामाचा क्रम असा ठेवावा :

१) इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. विडी-सिगारेट व उघडा दिवा जवळ नको.

२) फिल्टर आणि भोवतालची जागा आधी पुसून घ्यावी. नाही तर फिल्टर काढताना बाहेरची माती आत जाते.

३) पाण्याच्या दिव्याची वायर असेल तर ती सोडवावी. तळाचे डिझेल भांड्यात काढावे, मग फिल्टर सोडवावा.

४) जुने रबर फिल्टरच्या बैठकीला चिकटून राहिले नाही ना, ते बोटाने चाचपावे. जुन्यावर नवे रबर बसले तर हवा हमखास शिरते.

५) नव्या रबराला स्वच्छ डिझेल लावून फिल्टर बसवावा. फिरवून बसणारा फिल्टर हातानेच आवळावा. पान्याने जोर लावू नये.

६) कॉमन रेल गाडीत नवा फिल्टर वरून डिझेल ओतून भरू नये. ते न गाळलेले डिझेल सरळ पंपात जाते.

७) फिल्टरवर तारीख आणि किलोमीटर रंगाने लिहून ठेवावेत.

जुना फिल्टर लगेच फेकू नये. त्यातील डिझेल पांढऱ्या भांड्यात ओतून पाहावे. तांबूस चुरा म्हणजे टाकीत किंवा कॅनमध्ये गंज. काळा बुळबुळीत गाळ म्हणजे पाण्यामुळे डिझेलमध्ये जंतू वाढले. अशा वेळी टाकी धुतल्याशिवाय नवा फिल्टर टिकणार नाही.

एअर काढणे

हँड प्रायमर असेल तर तो कडक होईपर्यंत दाबावा. एअर काढण्याचा स्क्रू दिला असल्यास तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ द्यावे. ज्या गाड्यांत टाकीमध्ये विजेचा पंप आहे, त्यांत सेल्फ न मारता चावी काही वेळा चालू-बंद करावी. मग सेल्फ मारावा, पण एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. मध्ये एक मिनिट थांबावे.

महत्त्वाची सूचना : जुन्या गाडीत नोझलचे नट सैल करून एअर काढण्याची पद्धत होती. कॉमन रेल गाडीत असे मुळीच करू नये. चालू इंजिनवर उच्च दाबाच्या पाईपची गळती हाताने चाचपू नये. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा व डिझेल आत गेल्याचे डॉक्टरांना सांगावे.

फिल्टर बदलूनही गाडी ओढत नसेल तर

ज्या गाड्यांत टाकीमध्ये विजेचा पंप नाही, त्यांत टाकी ते पंप या नळीत डिझेल खेचले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे तेथे चीर असली तरी इंजिन चालू असताना थेंब पडत नाही, उलट हवा आत जाते. रबरी नळ्या वाकवून चिरा पाहाव्यात, क्लिपा आवळाव्यात, जोडावरचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत. टाकीतील जाळी तपासावी. एअर फिल्टरही झटकून पाहावा; तो तुंबला तरी गाडी काळा धूर सोडते व ओढत नाही. इंजिनचा दिवा लागलेला असेल तर मेकॅनिककडून स्कॅनर लावून दोष वाचून घ्यावा. बीएस-६ गाडीत सायलेन्सरमधील काजळीची जाळी भरल्यामुळेही ताकद कमी होते. तेथे डिझेल फिल्टर बदलून उपयोग नाही. हे सगळे झाल्यावरच पंप खोलावा.

डिझेल साठवताना

डिंभे, भीमाशंकर किंवा आपटाळ्याच्या पश्चिम पट्ट्यात पेट्रोल पंप लांब असल्याने ट्रॅक्टर व इंजिनसाठी डिझेल कॅनमध्ये आणून ठेवावे लागते. या भागात पाऊस आणि दमट हवा दोन्ही जास्त. कॅन स्वच्छ, घट्ट झाकणाचा असावा. गंजलेला पत्र्याचा डबा वापरू नये. आणलेले डिझेल एक दिवस स्थिर ठेवावे, बारीक जाळीच्या नरसाळ्यातून गाळून भरावे आणि तळाचे चार बोटे डिझेल गाडीत ओतू नये. गाडीची टाकी संध्याकाळी भरून ठेवावी. अर्ध्या रिकाम्या टाकीतील हवेला रात्रीच्या गारव्यात दव सुटते व ते डिझेलमध्ये उतरते.

थोडक्यात, पावसाळ्यात आठवड्याला पाणी काढा, फिल्टर वेळेआधी बदला, एक जादा फिल्टर आणि पाना गाडीत ठेवा. हंगाम सुरू होण्यापूर्वी, पहिली तोडणी लागायच्या आधीच, एक सकाळ या कामासाठी द्या. ऐन बाजाराच्या दिवशी ती सकाळ तुम्हाला मिळणार नाही.