अक्षरं फुटली तर आधी बाइट बघ

पोरी, पानावर मराठीऐवजी चिन्हांचा खच दिसला की लगेच दुरुस्तीची क्वेरी चालवायची नाही. आधी बॅकअप घ्यायचा आणि काय दिसतंय ते शांतपणे वाचायचं. कुठे बिघडलंय ते फुटलेल्या अक्षरांवरूनच कळतं.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याला चिकटून चार कोपऱ्यांना काड्या फुटलेलं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा येतेय? मग घाबरू नकोस, मजकूर बहुधा शाबूत आहे. देवनागरीतलं अक्षर असो की नुसता काना, यूटीएफ-८मध्ये प्रत्येकाला ३ बाइट लागतात. पहिला कायम ई०, दुसरा ए४ नाहीतर ए५. वाटेत कोणीतरी ते लॅटिन-१ समजून एकेका बाइटचं एकेक अक्षर केलं, एवढंच. ओळीनं प्रश्नचिन्हं दिसली आणि डेटाबेसातही तीच असली, तर मात्र मूळ मजकूर गेला. तो बॅकअपमधूनच आणावा लागतो. नुसते रिकामे चौकोन म्हणजे फॉन्ट नाही, डेटाला धक्का नाही.

पडद्यावर विश्वास ठेवू नकोस. मायएसक्यूएलमध्ये हेक्स फंक्शन लावून साठवलेले बाइट बघ. ‘म’ हा ई०ए४एई असा दिसायला हवा. सी३ए०सी२ए४सी२एई असं दिसलं तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय.

हे बहुतेक वेळा कनेक्शनमुळे होतं. टेबल यूटीएफ-८चं, ॲप्लिकेशनही यूटीएफ-८ पाठवतंय, पण कनेक्शनवर लॅटिन-१ ठरलेलं. सर्व्हर बिचारा प्रामाणिकपणे रूपांतर करत बसतो. यातली खरी मेख अशी की त्याच चुकीच्या कनेक्शनमधून वाचलं की सगळं ठीक दिसतं. वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागत नाही. मग एक दिवस कोणीतरी नीट काम करणारा माणूस कनेक्शन सुधारतो, त्या क्षणी जुन्या सगळ्या नोंदी फुटतात आणि बोलणी त्यालाच बसतात. म्हणून कनेक्शन आणि जुना डेटा एकाच वेळी दुरुस्त करायचा. दुरुस्तीसाठी मजकूर लॅटिन-१मध्ये न्यायचा, तिथून बायनरी करायचा, मग ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. पण ज्या नोंदी खरोखर दोनदा एन्कोड झाल्यात त्यांनाच हे औषध. सरसकट सगळ्या टेबलावर चालवलंस तर धड नोंदीही जातील. आधी प्रतीवर करून बघ, हेक्स तपास, मगच खऱ्या टेबलाला हात लाव.

कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४च ठेव. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ एका अक्षराला ३ बाइटच देतो. मराठी त्यात मावते, म्हणून तो बरोबर वाटतो. ४ बाइटचा इमोजी आला की एरर येते किंवा पुढचा मजकूर कापला जातो. आवृत्ती ८.०पासून एमबी४ आपोआप मिळतो, पण जुनी टेबलं जुनीच राहतात.

मजकूर तोडतानाही जपायचं. पीएचपीचं स्ट्रलेन ‘मराठी’ची लांबी १५ सांगतं, एमबी_स्ट्रलेन ५ सांगतं, आणि वाचणाऱ्याला दिसतात ३ अक्षरं. बातमीचा सारांश बाइट मोजून कापलास तर शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. कोडपॉइंट मोजून कापलास तर ‘ठी’ची वेलांटी गळते. इंटल एक्स्टेन्शनमधली ग्राफीम फंक्शन्स याचसाठी आहेत.

एक्सेलसाठी सीएसव्ही देताना सुरुवातीला बीओएमचे ३ बाइट घाल, नाहीतर उघडल्यावर कचरा दिसू शकतो. तीच फाइल परत अपलोड झाली की ते काढायला विसरू नकोस. पहिल्या स्तंभाचं नाव डोळ्यांना बरोबर दिसतं, पण जुळत नाही.

आणि आपल्या भाषेची एक खास अडचण आहे, ती इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही. ‘दुसऱ्या’तला आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ‘ऱ’ला हलंत जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलंत आणि अदृश्य झेडडब्ल्यूजे जोडून. दोन्ही दिसतात सारखेच, पण एकानं लिहिलेलं गावाचं नाव दुसऱ्याला शोधून सापडत नाही. एनएफसी नॉर्मलायझेशन चालवलंस तरी हा फरक उरतोच, कारण ते झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. फॉर्ममधून मजकूर आत घेतानाच ‘र, हलंत, झेडडब्ल्यूजे’ दिसलं की ‘ऱ, हलंत’ करायचं, आणि शोधायला आलेल्या शब्दावरही हाच नियम लावायचा.