लाओसला पुन्हा निघालेल्या भाच्यास



आवडत्या देशात पुन्हा पाऊल ठेवणारा प्रवासी त्या देशाला नकळत स्वतःच्या आठवणीशी ताडून पाहतो, आणि दोन्ही जुळले नाहीत की देश बिघडला असा निकाल देऊन मोकळा होतो. बॅकपॅकर, म्हणजे पाठीवर एकच पिशवी घेऊन थोडक्या खर्चात दीर्घकाळ हिंडणारा प्रवासी, या चुकीत इतरांपेक्षा लवकर सापडतो. कारण त्याला भावलेल्या गोष्टींत स्वस्ताई आणि संथपणा या दोन प्रमुख असतात, आणि त्या दोन्हींची किंमत तिथला रहिवासी मोजत असतो. लाओसला पुन्हा निघालेल्या चिरंजीवाने हे सामान बांधण्यापूर्वीच मनाशी धरावे.

पहिला धक्का रेल्वेचा बसेल. चीनच्या सरहद्दीवरील बोतेनपासून राजधानी व्हिएन्तियानपर्यंतचा सुमारे 420 किलोमीटरचा लोहमार्ग 3 डिसेंबर 2021 रोजी सुरू झाला, आणि त्याचा जवळजवळ अर्धा भाग बोगद्यांतून जातो. राजधानीहून लुआंग प्राबांगला पोचायला घाटरस्त्याने बसला जवळपास अख्खा दिवस लागे, तिथे आता गाडी दोन तासांच्या आसपास पोचते. हुआय साय येथून निघून पाकबेंगला रात्रीचा मुक्काम करणारी मेकाँगवरची लांबट लाकडी होडी, जिला प्रवासी स्लो बोट म्हणतात, तिच्या आठवणीने या वेगाबद्दल हळहळण्यापूर्वी एक विचार अवश्य करावा: आजारी माणसाला राजधानीच्या रुग्णालयात नेणाऱ्या कुटुंबाला घाटातली ती बस कधी रम्य वाटली असेल काय? मात्र याचा अर्थ प्रत्येक बदलाचे स्वागत करावे असाही नव्हे. सुमारे सहा अब्ज डॉलर खर्चाच्या या मार्गाच्या कंपनीत 70 टक्के वाटा चिनी भागीदारांचा आहे, आणि देशाच्या डोक्यावरील कर्जाचा बोजा मोठा आहे. धरणांचेही तसेच: नाम ऊ या एका नदीवरच सात धरणे उभी राहिली. 2019 साली मेकाँगवरील सायाबुरीच्या जलविद्युत प्रकल्पातून निघू लागलेली वीज प्रामुख्याने थायलंडला जाते, आणि मासे व गाळ अडण्याचा भार मात्र नदीकाठच्या गावांवर पडतो. बदल मोजायचा तर तो या गावांच्या मापाने मोजावा, प्रवाशाच्या हुरहुरीने नव्हे.

स्वस्ताईविषयीही सावध राहावे. किप हे तिथले चलन 2021 च्या आरंभी डॉलरला नऊ हजारांच्या घरात होते, ते पुढे वीस हजारांपलीकडे घसरले, आणि 2023 च्या सुरुवातीला महागाईचा वार्षिक दर 40 टक्क्यांवर गेला. परक्या खिशाला नूडल्सचा वाडगा स्वस्त झाला, त्याच काळात तो विकणाऱ्या बाईच्या शिलकीचे डॉलरमधले मोल निम्म्याहून खाली आले. अशा बाजारात चार पैशांसाठी घासाघीस करणे शोभत नाही. उतरायचे ते एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या घरगुती अतिथिगृहात उतरावे.

लुआंग प्राबांग हे नगर 1995 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथला तक बात, म्हणजे पहाटे अनवाणी रांगेने निघालेल्या भिक्खूंना चिकट भाताची भिक्षा घालण्याचा विधी, पाहायला हल्ली मोठी गर्दी लोटते. या गर्दीने विधीचे पावित्र्य भंगले अशी तक्रार परतलेला प्रवासी हटकून करतो. पण त्या गर्दीत तोही एक असतो, हे त्याने विसरू नये. ज्याची श्रद्धा नाही त्याने भात विकत घेऊन देण्याचा देखावा करू नये. खांदे-गुडघे झाकून, रस्त्याच्या पलीकडे, न बोलता उभे राहावे, आणि फ्लॅश वापरू नये. शक्य असल्यास मुख्य रस्ता सोडून आडगल्लीत जावे, जिथे शेजारच्या आज्या नित्यनेमाने बसलेल्या असतात.

वांग वियेंग या गावाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. नाम सोंग नदीत टायरच्या ट्यूबवर वाहत जाणाऱ्या तरुणांचे बळी जाऊ लागल्यावर 2012 साली सरकारने काठावरचे दारूचे अनेक अड्डे बंद केले, त्याचा शोक कोणी करू नये. 2024 च्या नोव्हेंबरात याच गावात मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, पोटात गेल्याने सहा परदेशी प्रवासी दगावले. तेव्हा फुकट मिळणाऱ्या दारूला हातही लावू नये.

पहिल्या भेटीत तरुण वयात जे सहसा राहून जाते, ते या खेपेस पाहावे. 1964 ते 1973 या काळात अमेरिकी विमानांनी या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले, आणि लोक ज्यांना बोम्बी म्हणतात त्या क्लस्टर बॉम्बमधल्या चेंडूएवढ्या स्फोटकांपैकी सुमारे 30 टक्के फुटलीच नाहीत. ती आजही शेतांत निघतात. अशा स्फोटांत हातपाय गमावलेल्यांना कृत्रिम अवयव मिळवून देणाऱ्या कोप या संस्थेचे केंद्र व्हिएन्तियानमध्ये आहे, तिथे एक सकाळ द्यावी. मग शियेंग ख्वांगच्या पठारावर, जिथे प्राचीन दगडी रांजण विखुरले आहेत आणि जे स्थळ 2019 साली वारसा यादीत आले, तिथे जावे. वाटेवर लाल-पांढऱ्या खुणांचे ठोकळे बसवलेले दिसतील: पांढऱ्या बाजूची जमीन खोलवर साफ केलेली असते, लाल बाजूला केवळ पृष्ठभाग तपासलेला असतो. चिरंजीवाने पांढऱ्या बाजूनेच चालावे, आणि छायाचित्रासाठीही लाल बाजूला पाऊल टाकू नये.