जुळ्यांची भाऊबंदकी : दान्ते आणि व्हर्जिल

'गेममध्ये कसली आलीय स्टोरी? नुसती मारामारी!' मित्रांनो, हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकलं असेल. असं म्हणणाऱ्यांसाठी 'डेव्हिल मे क्राय'चा हा छोटासा अभ्यास.

कॅपकॉम या जपानी कंपनीने ही मालिका २००१ साली सुरू केली. दान्ते आणि व्हर्जिल हे जुळे भाऊ. वडील स्पार्डा राक्षस, पण माणसांच्या बाजूने लढलेला. आई ईवा माणूस. आईचा ताईत दोघांना अर्धा-अर्धा, वडिलांची एकेक तलवार : दान्तेला रिबेलियन, व्हर्जिलला यामातो. वाटणी अगदी समान! मग भांडण कशाचं?

लहानपणी राक्षसांनी घरावर हल्ला केला. आईने दान्तेला कपाटात लपवलं, आणि ती व्हर्जिलला शोधायला धावली. ती परत आलीच नाही. बाहेर एकट्या पडलेल्या व्हर्जिलने एकच धडा घेतला : ताकद नव्हती म्हणून सगळं गेलं. दान्तेने मात्र आईकडचं माणूसपण सोडलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम सेम, फक्त इनिशियल कंडिशनमध्ये एका कपाटाचा फरक. आउटपुट मात्र दोन टोकांना!

कथेच्या क्रमाने सर्वात आधी येणारा तिसरा भाग (२००५, दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो) हे वैर तीन लढतींत मांडतो. पहिल्या लढतीत आपण बटणं बडवून जिंकतो, पण पुढच्याच सीनमध्ये दान्ते हरतो. काय चीड येते! म्हणजे व्हर्जिलचं वरचढ असणं आपल्याला नुसतं सांगत नाहीत, ते झोंबतं. दुसरी लढत अर्ध्यावर तुटते. मग दोघे एकत्र येऊन तिसऱ्याच शत्रूला हरवतात आणि लगेच पुन्हा एकमेकांसमोर उभे राहतात. शेवटी दान्ते जिंकतो, हात पुढे करतो, पण व्हर्जिल तो नाकारून राक्षसांच्या जगात कोसळतो.

गंमत म्हणजे व्हर्जिलची भूक आपल्यालाही लागलेली असते. लाल ऑर्ब्ज गोळा करा, नवीन मूव्ह विकत घ्या, आणखी ताकद, आणखी ताकद! फरक इतकाच, की आपण ते करतो तेव्हा त्याला 'अपग्रेड' म्हणतो.

या भुकेचं पुढे काय होतं? पहिल्या भागात काळ्या चिलखतातला नेलो अँजेलो भेटतो, तो व्हर्जिलच. सर्वात ताकदवान व्हायला निघालेला मुंडसचा गुलाम झालेला असतो. पाचव्या भागात (२०१९) तर तो यामातोने स्वतःमधला माणूस आणि राक्षस वेगळे करतो. त्यातून उरलेला माणूस काठी टेकत चालतो. नुसती ताकद बाजूला काढली तर ती कोणासाठी हवी होती हेच तिला आठवत नाही.

हे दोघे पुन्हा एक झाल्यावर भावांची शेवटची लढत होते, पण ती कोणीच जिंकत नाही. व्हर्जिलचा मुलगा नीरो मध्ये पडून ती थांबवतो. मग राक्षसी झाडाची मुळं तोडायला दोघे भाऊ पाताळात उतरतात. तिथेही एकमेकांवर तलवारी चालवणं चालूच, पण आता जीव घ्यायला नाही.

नावं इटालियन कवी दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'वरून आलेली. त्या काव्यात व्हर्जिल हा नरकातला वाटाड्या असतो, दान्तेच्या सोबत चालणारा. गेममधल्या भावांना तसं सोबत चालायला पाचवा भाग उजाडावा लागला. वर्गात कोणाच्या तरी पुढे जायला धडपडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा शेवट जरूर बघावा. प्रतिस्पर्धी तोच राहतो, चुरसही तीच राहते, फक्त त्याला संपवण्याची गरज संपते.