गाणी फोनमध्ये साठवावीत की ऑनलाइन ऐकावीत?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, स्नेहसंमेलनाच्या गाण्यांसाठी फक्त ऑनलाइन ॲपवर विसंबू नका. ऐनवेळी रेंज गेली की मुलं स्टेजवर नुसती उभी राहतात. १२८ केबीपीएसची एमपी३ फाइल मिनिटाला साधारण १ एमबी जागा घेते. म्हणजे ५ मिनिटांची सुमारे २०० गाणी १ जीबीत मावतात. (हे गणित मुलांकडूनच करून घ्या!)

ॲपमधलं 'डाउनलोड' मात्र आपली फाइल नव्हे. स्पॉटिफायवर ते टिकायला ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेट जोडावं लागतं. वर्गणी संपली की ऑफलाइन ऐकणंही बंद. नवीन गाणी शोधायला ॲप छानच आहे. पण मुलांच्या आवाजातली रेकॉर्डिंग, विकत घेतलेली बालगीतं फोनमध्येच ठेवा. फोन बिघडतो, हरवतो. म्हणून एक प्रत पेनड्राइव्हवरही घ्या.