गाडी लातूरला, पाय समुद्रात

बाळा, पुण्याची खोली सोडून तू लातूरला राहायला आलास, जुनी ट्रॅव्हलर घेतलीस आणि तिच्या पोटात पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवलीस. गल्ली हसली, म्हणाली समुद्र पाचशे किलोमीटरवर आणि याची गाडी इथं! हसू दे. मी आणि तुझे मामा मेटाडोरमध्ये सतरंज्या टाकून वर्षानुवर्षं कोकणात जात होतो. करण्यासारख्या सगळ्या चुका आम्ही करून ठेवल्यात, तू आपल्या नव्या शोध.

१. गाडी लातूरलाच ठेव, कोकणातल्या मित्राच्या वाडीत लावायचा मोह नको – तिकडची खारी हवा पत्रा खाते आणि आपण उठताबसता जिला शिव्या देतो ती कोरडी हवा तो राखते. कोरड्या अंगणात लोखंड म्हातारं होत नाही.

२. उभ्या गाडीच्या टायरांवर गोणपाट टाक आणि आठवड्यातून एकदा तिला औसा रोडवर फिरवून आण – मे महिन्याचं ऊन रबराला भेगा पाडतं आणि बसून राहिलेली बॅटरी रुसते.

३. शेंगदाणे-गुळाचा डबा गाडीत विसरू नकोस – गूळ संपला की उंदराचं पुढचं जेवण वायरीचं.

४. पलंग-ओट्याची नोंद आरटीओत जाऊन आरसी बुकात करून घे – अपघात झाला तर विमावाले आधी तेच पुस्तक उघडतात. राज्यानं २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण नाक्यावर हवालदाराला धोरण समजावण्यापेक्षा कागद दाखवणं सोपं.

५. नांदेडची मंडळी बरोबर येणार असतील तर त्यांना आदल्या संध्याकाळीच लातूरला मुक्कामी बोलव – सकाळी फोनवर ‘लोह्यापर्यंत आलो’ म्हणाले की समजायचं, बंब अजून तापतोय.

६. पहाटे ४ ला निघ आणि दुपारी कोल्हापूर गाठून तिथंच थांब – दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, त्यांना मागं ना दिवा ना लाल फडकं. ऊस गोड, त्याची ट्रॉली कडू.

७. तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज हा रस्ता सरळ आहे, फक्त कोजागरीच्या दिवसांत निघू नकोस – सोलापूर-तुळजापूर रस्ता तेव्हा पायी जाणाऱ्यांचा असतो, तिथं आपण गाडीवाले उपरे.

८. पहिल्या दिवसाला धपाटे, दुसऱ्या दिवसाला दशम्या – दशमीचं पीठ दुधात मळलेलं, ती टिकते. चटणी सोलापुरात घे, शेंगांची. घरून नेलेली तुम्ही पोरं तुळजापूरच्या आधीच संपवता.

९. आंबा घाट सकाळी, पोट हलकं ठेवून उतर, आणि ज्या गिअरवर चढशील त्याच गिअरवर उतर – नुसत्या ब्रेकवर उतरलास तर ते तापून ऐन वळणावर हात टेकतात. चढताना देव आठवावा, उतरताना गिअर. धो-धो पावसात मात्र कोल्हापूरच्या पुढं जायचंच नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेनं भलेभले रस्ते बंद केले होते.

१०. चाक हलण्याआधी सिलिंडरची तोटी बंद, रोज, स्वतःच्या हातानं – हा गॅस हवेपेक्षा जड, वर जात नाही, पलंगाखाली जमिनीलगत साचून बसतो. ‘मी केली असेल’ हे उत्तर चालणार नाही.

११. पिण्याचं पाणी कोल्हापुरात भरून घे – एवढा पाऊस पिऊनही एप्रिल-मे महिन्यात कोकणातल्या कितीतरी वाड्या टँकरची वाट बघतात, तिथं आपण टाकी घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही. मिरज ओलांडताना तुझे मामा दर वेळी हात जोडायचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये तिथूनच आपल्याला रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आम्ही स्टेशनवर बघायला गेलो होतो, लग्नाच्या वरातीला जावं तसे.

१२. पुळणीवर गाडी उतरवू नकोस, कितीही घट्ट दिसू दे – ओली वाळू माणसाला तोलते, ट्रॅव्हलरला नाही. आम्ही उतरवली. दुपारी पाणी इतकं लांब होतं की मामा म्हणाले, ‘हे काय येतंय इथवर!’ चारच्या सुमाराला मी चहा टाकला आणि दारातली चप्पल तरंगत निघाली. मागची चाकं अर्धी गडप. मामा लुंगी खोचून फळ्या सारतायत, मी भांडी डोक्यावर घेऊन उभी. शेवटी गावकऱ्यांनी दोर लावून ट्रॅक्टरनं ओढलं. पैसे घेतले नाहीत, पण एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘आज तिथी कुठची, बघितलात नाय?’

१३. त्यानंच शिकवलेला हिशेब लिहून ठेव: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं – चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण जास्त आत येतं, अष्टमीची भांगाची भरती बेताची. गंमत बघ, दाते पंचांग निघतं आपल्या वाटेवरच्या सोलापूरहून, आणि आम्ही ते घरी मुहूर्तांपुरतं खिळ्याला टांगून आलो होतो. पाहुणा तिथी न सांगता येतो, भरती सांगून येते.

१४. विहिरीत पोहायला शिकलेल्यानं समुद्रात कंबरेच्या पुढं जायचं नाही – विहीर जागची हलत नाही, समुद्र पायाखालची वाळू काढून घेतो. गणपतीपुळ्याला तर उतारच असा की दोन पावलांत गुडघ्याचं पाणी छातीला. तिथं दर्शन घे, पाय भिजव, बास.

१५. जून-जुलैमध्ये ताज्या मासळीसाठी हट्ट धरू नकोस – १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, ताटात येईल ते बहुतेक बर्फातलं.

१६. परतताना गाडी खालून गोड्या पाण्यानं धुऊन घे, तीही कोल्हापुरातच – मीठ पाचशे किलोमीटर चिकटून आलं की घरी येईपर्यंत त्याचा संसार बसलेला असतो. शिवाय आपल्या बोअरला ते काम सांगू नये.

१७. माझ्यासाठी आमसुलं आण, आणि सुकट आणायची झाली तर स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात – मी एकदा कापडी पिशवीतून आणली होती. पुढचे आठ दिवस गल्लीतली सगळी मांजरं मेटाडोरखाली बसून होती, आणि मामा रोज सकाळी काठी घेऊन त्यांची हजेरी घेत होते.